सात मजले चढताना भीती वाटत नाही, मग लिफ्टमध्येच का?

प्रश्न : माझं वय ३४. आठ महिन्यांपूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आता मी पडणार किंवा मरणार असं वाटलं. त्या काळात सासरे आजारी होते. रात्रीची जागरणं आणि दिवसाला पाच-सहा कप कॉफी असं चाललं होतं. तेव्हापासून असे नऊ-दहा अ‍ॅटॅक आले. ईसीजी, इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." नवरा म्हणतो, "विचार करणं सोड." आता मी लिफ्ट सोडून सात मजले जिना चढून जाते. पर्समध्ये पाण्याची बाटली, 'लागलीच तर' म्हणून मिळालेली अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या गोळीची स्ट्रिप आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असतो. तो अ‍ॅटॅकच्या वेळीही ९९ दाखवतो, तरी श्वास पुरत नाही. असं कसं? माझी आई आयुष्यभर धास्तावलेली असायची. हे माझ्या रक्तात आहे की मनात? रक्तातच असेल तर उपाय तरी काय? आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीलाही हे होणार का?

उत्तर : आधी तुमच्या ऑक्सिमीटरबद्दल बोलू, कारण निम्मं उत्तर त्या ९९ मध्येच आहे.

घाबरल्यावर आपण भराभर आणि खोल श्वास घ्यायला लागतो. रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे जास्त श्वास घेऊन तो फारसा वाढत नाही. पण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो घटला की रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि मज्जातंतू जराशानं उत्तेजित होऊ लागतात. बोटांतल्या आणि ओठांभोवतीच्या मुंग्या त्यामुळे येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि भोवतालचं सगळं स्वप्नातल्यासारखं, लांबचं वाटतं. छाती हवेनं आधीच फुगलेली असते आणि तिच्यात तुम्ही आणखी हवा भरायला बघता. भरलेल्या हंड्यात पाणी मावत नाही, तसं तिथे श्वास मावत नाही, आणि आपल्याला वाटतं तो पुरत नाही. म्हणजे यंत्र खरं सांगतंय आणि तुमचा त्रासही खरा आहे.

डॉक्टरांना बहुधा एवढंच म्हणायचं होतं की हृदयाला काही झालेलं नाही. तेवढं वाक्य पुरं केलं असतं तर तुमचे आठ महिने वाचले असते. निदान पत्रावरून करता येत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ समोर बसवून करतील. पण तुमचं वर्णन पॅनिक विकाराशी जुळतं : अ‍ॅटॅक पुन्हा पुन्हा आणि अनपेक्षितपणे येणं, आणि त्यानंतर महिनाभर तरी पुढच्या अ‍ॅटॅकची धास्ती राहणं किंवा तिच्यापायी वागणं बदलणं. तुमचे सात मजले या 'वागणं बदलण्यात' मोडतात.

आता रक्त की मन. मराठीत कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाच्या काळजात धस्स होतं, कुणाचे हातपाय गळतात. भीती शरीरात असते हे आपली भाषा गृहीतच धरते. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला अ‍ॅमिग्डला म्हणतात. डोळे-कान जे टिपतात त्याची एक कच्ची, घाईची बातमी आधी तिथे पोहोचते आणि सविस्तर बातमी मेंदूच्या बाह्य भागातून जरा मागाहून येते. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवर काम करून हे दोन मार्ग दाखवले. कच्च्या बातमीवर घंटा वाजली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. नाडी वाढते, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, घाम फुटतो. हे सगळं पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असतं. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच ते मांडलं होतं. पाठोपाठ दुसरी, जरा संथ साखळी चालू होते : मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी, पुन्हा अ‍ॅड्रिनल, आणि मग रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. अ‍ॅड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, कॉर्टिसॉल बराच वेळ रेंगाळतं. अ‍ॅटॅक काही मिनिटांत शिखराला पोहोचून उतरतो, पण उरलेला दिवस अंगात कणकण आल्यासारखा जातो, त्यात या दोन साखळ्यांच्या वेगांतल्या फरकाचाही वाटा असू शकतो.

घंटा एकच असते असंही नाही. वैद्यकीय लिखाणात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या दोन्ही अ‍ॅमिग्डला दुर्मीळ आजारामुळे निकामी झाल्या होत्या. साप, कोळी, भयपट, कशाचीच भीती तिला वाटत नसे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा एक श्वासभर दिली आणि तिला जबरदस्त पॅनिक अ‍ॅटॅक आला. गुदमरण्याची घंटा अ‍ॅमिग्डलाशिवायही वाजू शकते, हे त्यातून कळलं. पॅनिक विकार असलेल्या अनेकांची ही घंटा उपजतच हळवी असते असं मानलं जातं. इतरांना ज्या वायूनं फक्त धाप लागते, त्यानं यांना अ‍ॅटॅक येतो. गुदमरत नसतानाच गुदमरल्याची खूण मिळते, माणूस भराभर श्वास घेतो आणि मग वर सांगितलेल्या मुंग्या, गरगरणं सुरू होतं.

आईचा वाटा किती? जुळ्यांच्या अभ्यासांवरून पॅनिक विकाराची आनुवंशिकता साधारण ४० टक्के आणि सतत काळजी करत राहण्याच्या विकाराची ३० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. या आकड्याचा अर्थ फार जण चुकीचा लावतात. तुमच्या आजारातला ४० टक्के भाग आईनं दिला, असं तो म्हणत नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा हिस्सा जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, इतकंच. त्यामागे एक जनुक नसतं, बारीक परिणाम करणारी पुष्कळ जनुकं असतात. आणि ती विशिष्ट आजार क्वचितच देतात, बहुधा एक कल देतात. म्हणूनच तुमची आई सतत धास्तीत असायची आणि तुम्हाला मात्र अ‍ॅटॅक येतात. कलाचं रूपांतर कशात होईल हे बाकीच्या गोष्टी ठरवतात.

त्यातली एक म्हणजे पाहून शिकणं. सुसान मिनेका आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेली, सापाला न घाबरणारी माकडं घेतली आणि त्यांना सापाला घाबरणारी माकडं दाखवली. ती पाहूनच ही माकडं सापाला घाबरू लागली. मग चित्रफितीत अशी कापाकापी केली की समोरचं माकड फुलाला घाबरतंय असं दिसावं. फुलाची भीती मात्र कुणी शिकलं नाही. काही भीती शिकायला मेंदू आधीच तयार बसलेला असतो, त्याला एक घाबरलेला चेहरा पुरतो. धडधडणारं स्वतःचं हृदय आणि न पुरणारा श्वास यांची भीती मला या तयार जागांपैकीच वाटते. घरात कुणी छातीला हात लावून "काही होणार तर नाही ना" म्हणताना लहानपणी वर्षानुवर्षं ऐकलं असेल, तर शरीरातला बारीक बदल टिपायची आणि त्याचा वाईट अर्थ लावायची सवय कुणी मुद्दाम न शिकवताही लागते.

मग हा कल ३३ वर्षं गप्प का होता? कारण घंटा वाजायचा उंबरठा पुरेसा उंच होता. सासऱ्यांच्या आजारपणात तो खाली आला. २००७ मधल्या एका अभ्यासात एक रात्र पूर्ण जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रं दाखवली, तेव्हा त्यांची अ‍ॅमिग्डला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त चेतली आणि तिला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी तिचा संपर्क सैल झालेला आढळला. तुमची जागरणं एका रात्रीची नव्हती. वर कॉफी. एका कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन धरलं, तर सहा कपांत ५०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० ही वरची मर्यादा मानतात. चाचण्यांत एकदम एवढं कॅफीन दिल्यावर पॅनिक विकार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना अ‍ॅटॅक आला, निरोगी माणसांना जवळजवळ आलाच नाही. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचच्या कपातलं निम्मं रात्री दहालाही काम करत असतं. म्हणजे त्या दिवशी लिफ्टमध्ये शिरलात तेव्हा भरलेली बंदूक हातात होती, चाप कशानंही ओढला गेला असता. लिफ्ट त्या क्षणी तिथे होती एवढंच. पण मेंदूनं नोंद मात्र 'लिफ्ट धोक्याची' अशी केली.

आणि आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. तुम्ही सात मजले चढता. वर पोहोचता तेव्हा छाती धडधडत असते, धाप लागलेली असते, घाम आलेला असतो, मांड्या थरथरत असतात. लिफ्टमधल्या अ‍ॅटॅकची निम्मी लक्षणं हजर असतात आणि तुम्ही घाबरत नाही. का? कारण हे कशानं होतंय ते ठाऊक असतं. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं जे चक्र मांडलं, ते नेमकं इथे फिरतं. शरीरात काहीतरी जाणवतं, त्याचा 'हार्ट अ‍ॅटॅक', 'पडणार', 'वेड लागणार' असा भयंकर अर्थ लागतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते आणि वाढलेली धडधड त्या अर्थाचा पुरावा ठरते. जिन्यात या चक्राची पहिली पायरी असते, दुसरी नसते, म्हणून चक्र फिरत नाही. ज्या हृदयाची तुम्हाला काळजी वाटते ते रोज सात मजल्यांची परीक्षा पास होतंय, हेही लक्षात घ्या. आणि पडण्याबद्दल : शुद्ध हरपायला रक्तदाब घसरावा लागतो, अ‍ॅटॅकमध्ये तो उलट चढतो. रक्त किंवा इंजेक्शन पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांचा रक्तदाब खरंच पडतो. तुम्ही त्यांच्यातल्या नाही.

इथपर्यंत मुळं झाली. पण आजार आठ महिने टिकला तो मुळांमुळे नाही, रोजच्या खतपाण्यामुळे. लिफ्ट टाळलीत की त्या क्षणी हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस, आणि बक्षीस मिळालेली कृती मेंदू पक्की करतो. होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये भीतीचे दोन टप्पे सांगितले : ती एका अनुभवानं जडते आणि टाळल्यानं टिकते. टाळलं की 'लिफ्टमध्ये गेले असते आणि काहीच झालं नसतं' हा अनुभव मेंदूला कधी मिळतच नाही.

पर्समधलं सामानही टाळण्याचाच एक प्रकार आहे. बाटली, ऑक्सिमीटर, स्ट्रिप, हातात धरलेला फोन, सोबत नवरा. अ‍ॅटॅक ओसरतो तेव्हा श्रेय यांना जातं. अल्प्राझोलामचंच बघा. गोळी गिळल्यावर तिचं रक्तातलं प्रमाण शिखराला जायला एक ते दोन तास लागतात. अ‍ॅटॅक बहुधा दहा मिनिटांच्या आतच शिखर गाठून उतरू लागतो. अ‍ॅटॅक शरीरानं स्वतः संपवला आणि नाव गोळीचं झालं. नुसती स्ट्रिप जवळ बाळगूनही तेच होतं.

नवऱ्याचं "विचार करणं सोड" प्रेमापोटी आहे, पण ते चालत नाही. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा आलं, आणि बंदी उठल्यावर तर आधीपासून मोकळेपणी विचार करू दिलेल्यांपेक्षाही जास्त आलं.

तर करायचं काय? मुळं बदलता येत नाहीत, खतपाणी तोडता येतं. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी, ही विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती नेमकी यासाठी आहे. पॅनिकसाठी ती साधारण १२ ते १५ सत्रांची असते. थेरपिस्ट निवडताना एक प्रश्न सरळ विचारा : "एक्स्पोजर, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचा सराव, करून घेता का?" फक्त बोलणं आणि रिलॅक्सेशन असेल, तर तुमच्या त्रासाला ते अपुरं पडेल असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला भाग शरीराच्या जाणिवांचा. त्या मुद्दाम उत्पन्न करायच्या. हृदयरोग, दमा, अपस्मार, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. तुमचा ईसीजी आणि इको ठीक आहे, तरी सुरुवात थेरपिस्टसमोर करणं बरं. तोंडानं भराभर, खोल श्वास ६० सेकंद. जागच्या जागी धावणं एक मिनिट. फिरत्या खुर्चीत गोल फिरणं एक मिनिट. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास, सुरुवातीला ३० सेकंद आणि मग वाढवत दोन मिनिटं. प्रत्येकानंतर दोन आकडे लिहायचे : अ‍ॅटॅकशी साम्य दहापैकी किती आणि भीती दहापैकी किती. साम्य जास्त असेल तो व्यायाम तुमचा. तुमच्या मुंग्यांवरून बहुधा तो भराभर श्वासाचा निघेल. तो एका बैठकीत लागोपाठ तीनदा, रोज, भीती दोनवर येईपर्यंत. जाणिवा नाहीशा व्हायची वाट बघू नका, त्या होणारच. मुंग्या आल्या आणि तुम्ही मनात "हं, कार्बन डायऑक्साइड" म्हणालात, की अर्थ बदलायला लागला असं समजा.

दुसरा भाग लिफ्टचा. एका कागदावर आधी भाकीत लिहायचं, आणि ते तपासता येईल असं हवं. 'वाईट वाटेल' हे भाकीत नाही, ते तर वाटणारच आहे. 'दार बंद झाल्यावर दोन मिनिटांत मी बेशुद्ध पडेन' हे भाकीत. मग दार उघडं ठेवून आत उभं राहणं, एक मजला, तीन मजले, सात मजले, गर्दीच्या वेळी सात मजले. एका वेळी ३० ते ४५ मिनिटं, वरखाली वरखाली, आठवड्यातून निदान चार दिवस. प्रत्येक फेरीनंतर कागद काढून भाकीत आणि घडलं ते, शेजारी शेजारी लिहायचं. भीती सातवर असताना बाहेर पडलात तर मेंदू 'बाहेर पडले म्हणून वाचले' असं शिकतो. त्यामुळे थोडी उतरेपर्यंत किंवा निदान भाकीत खोटं ठरेपर्यंत आत थांबायचं. चुकून बाहेर पडलात तर काही बिघडत नाही, पाच मिनिटांत परत आत जा.

हे फसतं कुठे, तेही सांगते. आठवड्यातून एकदाच केलं की मधल्या सहा दिवसांच्या टाळण्यानं केलेलं पुसलं जातं. आत उभं राहून मनात आकडे मोजत बसलं की तिथे असून नसल्यासारखं होतं. 'आज बरं वाटतंय म्हणून जाते' असं केलं की मेंदू 'बऱ्या दिवशीच सुरक्षित' असं शिकतो. आणि एकाच लिफ्टमध्ये, नवऱ्यासोबत, सकाळीच सराव केला तर तेवढंच शिकलं जातं. भीती विझते म्हणजे जुनी नोंद खोडली जात नाही, तिच्याशेजारी नवी नोंद लिहिली जाते, आणि नवी नोंद जागेला, वेळेला चिकटून राहते. म्हणून लिफ्ट बदला, वेळ बदला, एकट्या जा, सामान एकेक करून घरी ठेवा. पहिल्यांदा ऑक्सिमीटर, मग बाटली, स्ट्रिप सर्वांत शेवटी. आणि याच कारणानं सहा महिन्यांनी, ताणाच्या दिवसांत, एखादा अ‍ॅटॅक पुन्हा आला तर जुनी नोंद डोकावली एवढाच त्याचा अर्थ. दोन-चार दिवस लिफ्टच्या फेऱ्या वाढवायच्या.

सरतेशेवटची पायरी तुमच्यासाठी ठरलेलीच आहे : तीन मजले भराभर चढायचे आणि धाप लागलेली असतानाच, नाडी हाताला लागत असताना, लिफ्टमध्ये शिरायचं.

सावकाश श्वासाबद्दल सगळे सांगतात. चार सेकंद नाकानं आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. खोल मात्र नको, उथळ आणि हळू. खोल घेतला की कार्बन डायऑक्साइड पुन्हा उडतो. हा सराव दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, शांत असताना करा. अ‍ॅटॅक थोपवण्याचं हत्यार म्हणून वापरलात तर हा सरावही दुसरी पाण्याची बाटली होईल. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय तर करूच नका. त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर त्यानं जीव धोक्यात येतो.

कॉफी एकदम बंद केलीत तर डोकं दुखेल, चिडचिड होईल आणि तुम्हाला तीच नव्या आजाराची लक्षणं वाटतील. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, एकावर या, तोही दुपारी बाराच्या आत. काळजी बारा वाटांनी दिवसभर येत असेल, तर तिला रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास द्या. थॉमस बोर्कोवेक यांनी ही रीत मांडली. इतर वेळी विचार आला तर वहीत दोन शब्द टिपून त्या अर्ध्या तासासाठी ठेवायचा. झोपण्याआधीच्या दोन तासांत मात्र ही वेळ ठेवू नका.

औषधांचं थोडक्यात. सीबीटी मिळत नसेल, त्रास फार असेल किंवा सोबत खिन्नता असेल तर एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी औषधं, उदाहरणार्थ सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्राम, विचारात घेतली जातात. 'सेरोटोनिन कमी झालं म्हणून गोळी' ही गोष्ट सोपी आहे, पण तेवढी खरी नाही. रसायन पहिल्या दिवशीच वाढतं, आराम मात्र दोन ते सहा आठवड्यांनी पडतो. मधल्या काळात मेंदूची जुळणी हळूहळू बदलते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थपणा उलट वाढू शकतो. याच कारणानं पॅनिकमध्ये सुरुवात निम्म्या डोसनं करतात, सर्ट्रालिनची बहुधा २५ मिलिग्रॅमनं. हे आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी माणूस गोळी टाकून देतो. गुण आल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करत बंद करायची. अल्प्राझोलाम रोज घेत असाल तर तीही एका दिवसात थांबवू नका, फिट येण्याचा धोका असतो.

तपासण्यांत हिमोग्लोबिन आणि साखर राहिली असेल तर करून घ्या. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, दम्याचे काही पंप, स्टेरॉइड यांनीही धडधड होते, चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. श्रमानंतर छातीत दुखून ते हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, खरोखर शुद्ध हरपली, किंवा धडधड बटण दाबल्यासारखी एका ठोक्यात सुरू होऊन एका ठोक्यात थांबत असेल तर ते पॅनिकच्या खात्यावर टाकू नका. विश्रांतीतला काही सेकंदांचा ईसीजी अशा वेळी पुरत नाही, २४ तास अंगाला यंत्र लावून ठोके नोंदवणारी हॉल्टर चाचणी लागते. आणि जगणं नको असा विचार आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, जवळच्या माणसाला सोबत घेऊन, तातडीच्या विभागात जायचं.

आता मुलगी. पॅनिक विकार असलेल्यांच्या बहुतेक मुलांना तो होत नाही. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून अभ्यास केला, तेव्हा दर पाचांतलं साधारण एक बाळ नव्या गोष्टीनं लगेच बिथरणारं निघालं. अशा बाळांना पुढे चिंताविकाराचा धोका जास्त असतो, तरी त्यांच्यातली पुष्कळ मुलं फक्त शांत, सावध माणसं झाली. तुमच्या हातात आहे ते तिच्या डोळ्यांसमोर काय घडतं, ते. तिच्या भीतीपायी सगळ्या घराचं वेळापत्रक बदलू नका. तिच्याऐवजी तुम्हीच बोलणं, अंधार वाटतो म्हणून रोज सोबत झोपणं, "काही होणार नाही ना?" ला दहा वेळा "नाही गं" म्हणणं, यांतून तिच्या काळजीला खतपाणीच मिळतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त आईवडिलांना हे कमी करायला शिकवलं, मुलांना एकही सत्र दिलं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मुलांमध्ये दिसलेला फरक थेट सीबीटी घेतलेल्या मुलांइतकाच होता. तिच्याशी बोलताना दोन वाक्यं जोडीनं हवीत : "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तुला हे जमेल." तुमच्या लिफ्टबद्दलही तिला सांगा. आईला भीती वाटते आणि आई तरी आत जाते, हे तिनं एकदा पाहावं.

नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. अ‍ॅटॅक आला की त्यांनी "काही होत नाहीये" म्हणायचं नाही आणि पाणीही आणायचं नाही. शेजारी बसून फक्त विचारायचं, "दहापैकी किती?" आणि मिनिटभरानं पुन्हा, "आता किती?"

या आठवड्यात लिफ्टला हातही लावू नका. एक वही करा. प्रत्येक अ‍ॅटॅकची सुरुवात किती वाजता, शिखर किती मिनिटांनी, पहिली जाणीव शरीरात कुठे, तिचा मनात लावलेला अर्थ, आदल्या रात्रीची झोप किती तास, त्या दिवशी कॉफी किती. आणि रोज सातव्या मजल्यावर पोहोचल्या पोहोचल्या मनगटावर बोट ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारनं गुणा आणि तो आकडा अ‍ॅटॅकच्या आकड्याशेजारी लिहा. थेरपिस्टकडे पहिल्या दिवशी हीच वही घेऊन जा.